सागाचे चौकोनी ओंडके येतायत, कस्टमचा टॅरिफ कोड ४४०३ की ४४०७? सप्लायर एक म्हणतोय, सीएचए दुसरंच

वखार_तिसरीपिढी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची लाकडाची वखार आहे, आजोबांपासून. आत्तापर्यंत बाहेरचा साग गांधीधामच्या पार्टीकडूनच घ्यायचो, ट्रक दारात यायचा, टेप लावून माल मोजायचा, बिल द्यायचं, विषय संपला. या वर्षी मीच घरात हट्ट धरला की एकदा तरी थेट मागवून बघू, वडील नकोच म्हणत होते, पण शेवटी इक्वेडोरच्या एका सप्लायरकडून २० फुटी एक कंटेनर ठरवला, न्हावा शेवाला येतोय. माल म्हणजे ज्याला बाजारात 'रफ स्क्वेअर' म्हणतात तो. सागाचे ओंडके, चारी बाजू करवतीने सपाट केलेल्या.

आता घोळ असा की सप्लायरने इन्व्हॉइसवर कोड टाकलाय ४४०७.२३, म्हणजे कापीव साग. आमचा सीएचए, म्हणजे कस्टममधून माल सोडवणारा एजंट, म्हणतो हे ४४०३.४२ मध्ये जाणार, ओंडका आहे हा, आणि ड्युटी निम्मी लागेल. मी खूश झालो, पण रात्री झोप लागेना. निम्मी ड्युटी म्हटल्यावर उद्या कोणी येऊन म्हणालं की तुम्ही मुद्दाम चुकीचा कोड टाकला तर? एक मित्र, तो मशिनरीचे पार्ट मागवतो, तो म्हणाला सप्लायरच्या कागदावर जे आहे तेच गपगुमान टाक, कागद जुळले की कोणी विचारत नाही. वडील म्हणतात बघ, सांगितलं होतं.

करवत लागली म्हणजे ते कापीव लाकूडच नव्हे काय? आणि ४४०७ तर हार्डवुडचंच आहे ना, साग हार्डवुड, मग प्रश्न कुठं येतोय? जाणकारांनी जरा समजावून सांगा. बोट पुढच्या आठवड्यात लागतेय.

---

मधलाबाक

हार्डवुड म्हणजे कडक लाकूड, साग कडक असतो, तेव्हा ४४०७. सोपं आहे. उगाच सीएचएच्या नादी लागू नका, ते आपली फी वाढवतात.

---

शेवा_ताई

मधलाबाक, या हिशेबाने बाल्सा कुठे टाकाल? विमानाची मॉडेलं करतात ते, नखाने दाबलं तर वण उठतो इतकं मऊ, पण झाड रुंद पानाचं म्हणून ते हार्डवुडच, आणि टॅरिफमध्ये ते ४४०७.२२ ला बसतं, व्हिरोला आणि इंबुयाच्या शेजारी. हार्डवुड-सॉफ्टवुड हा झाडाच्या जातीचा फरक आहे, कडकपणाचा नाही. टॅरिफमध्ये तर हार्डवुड असा सरळ शब्दच घेतलेला नाही, तिथे सूचिपर्णी आणि बाकीची अशी वाटणी. पाइन, फर, स्प्रूस एका बाजूला, मग उष्ण कटिबंधातली लाकडं, आणि शेवटी ओक, बीच, मेपल, अॅश वगैरे थंड मुलखातली. ४४०७ मध्ये पाइनसुद्धा येतं, ४४०३ मध्ये सागसुद्धा येतो. त्यामुळे साग हार्डवुड आहे यावरून चार आकडी हेडिंग ठरतच नाही, पुढचे दोन आकडे ठरतात.

वखारवाले दादा, तुमचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. मी उरणला राहते, क्लिअरिंगमध्ये १४ वर्षं झाली, त्यातली बरीच लाकडातच गेली. तर जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

४४०३ चं नावच असं आहे की कच्चं लाकूड, साल काढलेलं असो नसो, सॅपवुड (सालीखालचं बाहेरचं कोवळं लाकूड) काढलेलं असो नसो, किंवा ओबडधोबड चौकोनी केलेलं. हे शेवटचे शब्द लोक वाचतच नाहीत. आणि ४४०७ म्हणजे लांबीच्या दिशेने कापलेलं, ६ मिमीपेक्षा जाड लाकूड, मग त्याला रंधा मारलेला असो, पॉलिशपेपर मारलेला असो किंवा टोकाला टोक जोडलेलं असो. म्हणजे करवत दोन्हीकडे लागू शकते. एचएसएनच्या, म्हणजे या कोडांच्या जागतिक यादीच्या, स्पष्टीकरणात ४४०३ खाली स्वच्छ लिहिलंय की गोल पृष्ठभाग कुऱ्हाडीने, वाकसाने किंवा ढोबळ करवतीने सपाट करून साधारण चौकोनी केलेला ओंडका इथेच येतो, आणि त्याची खूण काय, तर खडबडीत जागा किंवा सालीच्या खुणा राहिलेल्या असतात. असं लाकूड आरा गिरणीत पुढे कापायला जातं किंवा छपराला तसंच वापरतात, हेही तिथेच लिहिलंय. आणि गंमत म्हणजे सागाचं तर नाव घेऊन वेगळं वाक्य आहे, पाचर मारून फोडलेले किंवा तासून काढलेले सागाचे चौकोनी ठोकळे, तेही ४४०३.

आता उलट बाजू. ४४०७ च्या स्पष्टीकरणात असंही म्हटलंय की लाकूड चौकोनीच पाहिजे किंवा लांबीभर एकसारखंच पाहिजे असं नाही. म्हणजे ऑफिसरला हेही वाक्य दाखवता येतं! इथेच सगळी मारामारी आहे. म्हणून कोड ठरवायचा तो लाकूड बघून. इन्व्हॉइस बघून नाही आणि ड्युटी बघून तर अजिबातच नाही.

तुमच्याकडे फोटो आहेत का? चार कोपऱ्यांवर काय दिसतंय ते सांगा. गोलाई राहिलीय का, साल चिकटलीय का, बुडाचं टोक आणि शेंड्याचं टोक सारख्या मापाचं आहे का निमुळतं होत जातंय?

---

वखार_तिसरीपिढी

ताई लई धन्यवाद, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. फोटो आहेत, लोडिंगचे. एक जवळून काढलेला आहे त्यात दिसतंय की चारी बाजू करवतीने सपाट, करवतीचे आडवे वळ स्पष्ट आहेत, पण चारी कोपरे काटकोनात नाहीत, प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन बोटं रुंद गोल पट्टा तसाच सोडलाय, त्यावर पांढरं सॅपवुड आणि मधे मधे वाळलेली साल. एका टोकाला हात लावून उभा असलेला माणूस आहे, ते टोक त्याच्या वितीएवढं भरतंय, दुसरं टोक त्यापेक्षा बारीक. टोकांना तांबडा रंग मारलाय आणि खडूने नंबर. माल सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीचा, एकसारखा नाही. हे आमच्या आऱ्यावर येणार आणि आम्ही त्याच्या चौकटी-फळ्या काढणार.

---

शेवा_ताई

मग हा ४४०३ च वाटतो मला. कोपऱ्यावरची गोलाई, साल, निमुळतेपणा, आणि पुढे कापायला जाणार हा उद्देश, चारही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात.

---

कलम१७

शेवा ताईंशी सहमत, कायद्याची बाजू मी जोडतो.

सप्लायरने काय कोड टाकला याला आपल्याकडे फार किंमत नाही. पहिले सहा आकडे जगभर सारखे असले तरी त्याच्या देशात तो काय लिहितो हा त्याचा प्रश्न. कस्टम्स अॅक्ट १९६२ च्या कलम १७ प्रमाणे असेसमेंट, म्हणजे कोड आणि ड्युटी ठरवणं, इम्पोर्टरने स्वतः करायची, २०११ पासून हे असंच आहे. म्हणजे कोडची जबाबदारी सप्लायरची नाही, सीएचएची नाही, तुमची. तुमचा मित्र म्हणतो तसं कागद जुळले की झालं असं नसतं, आणि चुकीचा कोड दोन्ही कागदांवर असला म्हणून तो बरोबर होत नाही.

भीती कशाची आहे तेही सांगतो. कमी ड्युटी भरली असं नंतर ठरलं तर कलम २८ खाली नोटीस येते, साध्या केसमध्ये २ वर्षांपर्यंत मागे जाता येतं, पण माहिती दडवली किंवा खोटं सांगितलं असं म्हणता आलं तर ५ वर्षं, आणि वर कलम ११४ए चा दंड, जो ड्युटीएवढा असू शकतो. आता यात कळीचा शब्द आहे दडवणे. तुम्ही बिल ऑफ एंट्रीत (कस्टमला द्यायच्या आयात घोषणेत) वर्णन नीट लिहिलं, 'सागाचे ओबडधोबड चौकोनी ओंडके, कोपऱ्यांवर साल, आरा गिरणीत कापण्यासाठी' असं, आणि फोटो ई-संचितवर, म्हणजे कस्टमच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर, आधीच चढवले, तर उद्या कोणी कोडबद्दल वेगळं मत मांडलं तरी दडवलं असं म्हणणं अवघड जातं. वर्णनात नुसतं 'टीक वुड' लिहून ४४०३ टाकणारे लोक अडकतात.

स्पष्टीकरणाच्या पुस्तकाला काय अधिकार असं कोणी विचारलं तर १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स निकाल दाखवा. योगायोगाने तीही लाकडाचीच केस होती, ब्लॉकबोर्डची, आणि कोर्टाने सांगितलं की आपलं टॅरिफ एचएसएनवर बेतलेलं आहे तेव्हा शंका आली की एचएसएनकडे बघायचं.

---

गांधीधामकर

राम राम. मूळचा साताऱ्याचा, २२ वर्षं गांधीधामला. कांडला बंदरावर लाकूड उतरतं, इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते आरे आणि ओंडक्यांचे ढीग, पावसाळ्यात सगळ्या गावाला भिजलेल्या लाकडाचा वास येतो. तेव्हा दोन शब्द.

ताई आणि कलम१७ बोलले ते पुस्तकात बरोबर आहे. पण प्रत्यक्ष काय होतं ते ऐका. आता असेसमेंट फेसलेस आहे, तुमचा माल शेव्यात आणि बिल उघडणारा ऑफिसर भलत्याच बंदरात, त्याने आयुष्यात सागाचा ओंडका हाताने उचलला असेलच असं नाही. त्याला स्क्रीनवर दिसतं काय, इन्व्हॉइसवर ४४०७ आणि बिलात ४४०३, आणि ड्युटी ५ टक्के. तो क्वेरी टाकणारच, त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकली असती. माझ्या एका कंटेनरला अशीच क्वेरी आली होती, उत्तर द्यायला आमच्याकडूनच चार दिवस गेले कारण फोटो सप्लायरकडून मागवायचे होते, मग एक्झामिनेशन लागलं, मग शनिवार-रविवार, तोपर्यंत शिपिंग लाईनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) आणि सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर यार्डाचं) भाडं चढत राहिलं. शेवटी ४४०३ च मान्य झाला. पण वाचलेली ड्युटी आणि भरलेलं भाडं मांडून बघितलं तेव्हा बायको म्हणाली एवढ्या पैशात माझं मंगळसूत्र मोठं झालं असतं.

म्हणून मी नवीन माणसाला सांगतो, पहिला कंटेनर आहे, गपचूप ४४०७ भर, १० टक्के दे, माल घरी ने. धंदा शिकल्यावर भांडायचं.

---

शेवा_ताई

गांधीधामकर दादा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण आकडे मांडूया म्हणजे ठरवायला सोपं जाईल. समजा कंटेनरची असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ज्या किमतीवर ड्युटी लागते ती, ८ लाख.

४४०३ ला बेसिक ५ टक्के, ४०,०००. त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के म्हणजे ४,०००. मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी १८ टक्के, १,५१,९२०. एकूण १,९५,९२०, म्हणजे २४.४९ टक्के.
४४०७ ला बेसिक १० टक्के ८०,०००, सरचार्ज ८,०००, आयजीएसटी १,५९,८४०. एकूण २,४७,८४०, ३०.९८ टक्के.

फरक ५१,९२०. पण यातले ७,९२० आयजीएसटीचे आहेत, ते जीएसटी रजिस्टर्ड माणसाला इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतात. खरा खिशातून जाणारा फरक ४४,०००. 'ड्युटी निम्मी' ऐकायला मोठं वाटतं, पण पूर्ण बिलात तो फरक एवढाच आहे. एका कंटेनरला गांधीधामकर म्हणतात तसं डिटेन्शनमध्ये जाऊ शकतो. पण वर्षाला १० कंटेनर आणणार असाल तर ४ लाख ४० हजार झाले, आणि मग पहिल्या कंटेनरला काय कोड टाकला ते महत्त्वाचं ठरतं, कारण तुम्ही स्वतःच एकदा ४४०७ म्हणून सोडवला आणि तोच माल पुढच्या वेळी ४४०३ म्हणालात तर पहिली क्वेरी हीच, मागच्या वेळी काय झालं होतं?

---

कलम१७

आणि 'आत्ता १० टक्के भरू, नंतर रिफंड मागू' हा विचार करत असाल तर सोडून द्या. २०१९ मध्ये आयटीसीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असेसमेंट, मग ते तुम्ही स्वतः केलेलं का असेना, आधी अपील करून किंवा कायद्यातल्या दुसऱ्या वाटेने बदलून घेतल्याशिवाय रिफंडचा अर्ज चालत नाही. अपीलाला ६० दिवस. हे दिवस कधी निघून जातात कळत नाही, आपण माल विकण्याच्या घाईत असतो.

उलट जर ऑफिसरने तुमचा ४४०३ बदलून ४४०७ केला आणि तुम्ही लेखी कबुली दिली नाही, तर कलम १७(५) प्रमाणे त्याने १५ दिवसात कारणांसहित ऑर्डर द्यायची असते. ती ऑर्डर हातात आली की तीवर अपील. लोक काय करतात, माल सुटावा म्हणून सीएचएच्या सांगण्यावरून कबुलीचं पत्र देऊन टाकतात, आणि मग दोन वर्षांनी माझ्यासारख्याकडे फाईल घेऊन येतात.

दरवेळी हाच माल आणणार असाल तर अॅडव्हान्स रुलिंगचा, म्हणजे कोड आधीच ठरवून घेण्याचा, विचार करा, मुंबईत त्याची ऑथॉरिटी आहे. कलम २८एच खाली अर्ज, कायद्याप्रमाणे ३ महिन्यात निर्णय, आणि तो काही वर्षं टिकतो. या कंटेनरला उपयोग नाही, पुढच्यांना होईल.

---

रंधा_आणि_मी

धागा हायजॅक करतेय, सॉरी. पुण्यात फर्निचर आणि इंटिरियर करते, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून माल घेते. एका क्लायंटला सागाचं बाहेरचं डेकिंग हवंय आणि इंडोनेशियातून रेट आलाय, तयार पट्ट्या, चारी बाजू रंधलेल्या, एका बाजूला जीभ एका बाजूला खाच. हे पण कापीव लाकूडच ना? आणि रबरवुडचे ते तुकडे जोडलेले बोर्ड येतात व्हिएतनामचे, ते? आमचा नेहमीचा व्यापारी म्हणतो ताई सगळं ४४०७ मध्ये येतं.

---

शेवा_ताई

नाही येत. तुमच्या व्यापाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

नुसता चारी बाजूंनी रंधा मारला, तोवर ४४०७. पण ज्या क्षणी कडेला लांबीभर जीभ-खाच काढली, किंवा कड गोल केली, नक्षीची धार काढली, की ते ४४०९. तिथला शब्द आहे 'लांबीभर सलग आकार दिलेलं'. म्हणजे पट्टी तीच, झाड तेच, मशीनमधून एकदा जास्त फिरली की हेडिंग बदललं. आणि जाडी ६ मिमी किंवा त्याच्या आत आली की ४४०८, व्हेनियर. ही ६ मिमीची रेघ फार जपायची, ५.८ ची पट्टी असेल आणि कागदावर ६.५ लिहिली असेल तर कॅलिपर लावून बघणारे लोक आहेत इथे.

रबरवुडचं दोन प्रकारचं येतं. टोकाला टोक, फिंगर जॉइंट करून एकच लांब पट्टी केली असेल तर ४४०७, हेडिंगमध्येच टोकाला जोडलेलं चालतं असं लिहिलंय. पण अशा पट्ट्या कडेला कड चिकटवून रुंद बोर्ड केला असेल, जो तुम्ही टेबलटॉपला वापरता, तर ते ४४०७ नाही. ढोबळ कापलेल्या पट्ट्या पुढच्या कामासाठी चिकटवून केलेली फळी ४४२१ च्या स्पष्टीकरणात आहे. मात्र आतली रचना कशी आहे, वर व्हेनियर लावलंय का, यावर ते ४४१२ ला सुद्धा जाऊ शकतं. फोटो आणि कापलेली कड बघितल्याशिवाय मी या बोर्डांबद्दल छातीठोक बोलणार नाही.

आणि इंडोनेशिया, व्हिएतनाम म्हणजे आसियान, आग्नेय आशियाचा गट. तिथे करारातली सवलत मागायची असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरचे सहा आकडे बिलाशी जुळायला हवेत, शिवाय २०२० च्या कॅरोटार नियमांप्रमाणे माल तिथलाच कसा हे इम्पोर्टरला माहीत असायला लागतं, नुसतं सर्टिफिकेट पुढे करून भागत नाही. वखारवाल्यांना ही डोकेदुखी नाही, इक्वेडोरशी आपला करार नाही.

---

फक्तसागवान

कोड सोडा, आधी साग आहे का ते बघा! बाजारात 'आफ्रिकन साग' म्हणून इरोको विकतात, ते वेगळंच झाड, ४४०७.२८. 'ब्राझिलियन साग' म्हणून कुमारू. 'आफ्रिकन महोगनी' म्हणजे खाया, ती ४४०७.२१ ची महोगनी नव्हे, तिथे फक्त स्विटेनिया. त्यात खायाच्या आफ्रिकेतल्या जाती २०२२ च्या पनामाच्या साइट्स (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा करार) बैठकीत परिशिष्ट २ मध्ये गेल्यात, म्हणजे परमिट लागतं, कोड बरोबर टाकला तरी परमिट नसेल तर माल तिथेच. म्हणून इन्व्हॉइस आणि फायटो (रोग-कीड नसल्याचा दाखला) दोन्हीवर शास्त्रीय नाव मागा, टेक्टोना ग्रँडिस. बाजारातलं नाव सुताराला सांगायला, कस्टमला झाडाचं नाव.

आणि कोणी स्वस्तात 'बर्माचा ओंडका' देतो म्हणाला तर दोनदा विचारा, म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर सोडायचे बंद केलेत. तिथून येतं ते कापीव. यावरून वखारवाल्यांच्या सप्लायरचंही कळतं कदाचित. ज्या देशांत गोल ओंडका बाहेर न्यायला बंदी किंवा कर असतो तिथल्या लोकांना चार बाजू कापून त्याला 'कापीव' म्हणायची सवयच लागलेली असते. इक्वेडोरवाल्याचं तसंच आहे असं नाही म्हणत, पण विचारून बघा.

(आमच्याकडे गडचिरोलीचा आलापल्लीचा साग असताना लोक इक्वेडोरचा आणतात हे दुःख वेगळं. १५-२० वर्षांत तोडलेलं लागवडीचं झाड ते, रेषा बघा त्याच्या, रुंद रुंद.)

---

वखार_तिसरीपिढी

फक्तसागवान दादा, आलापल्लीचा साग परवडणारं गिऱ्हाईक महिन्याला एक येतं, बाकी नऊ जण दाराची चौकट किती स्वस्तात देता विचारतात. काय करणार.

सप्लायरला काल रात्री मेसेज केला. उत्तर आलं की आम्ही सगळ्यांनाच ४४०७ लिहून देतो, तुम्हाला ४४०३ हवा असेल तर इन्व्हॉइस बदलून पाठवतो, काहीच प्रॉब्लेम नाही. हे एवढं सहज म्हणाला की मलाच भीती वाटली. बदलून घेऊ का?

आणि एक नवीन गोष्ट. त्याने सगळे फोटो पाठवले, आधी १२ होते आता ५० आहेत. त्यात कंटेनरच्या दाराजवळ आणि वरच्या मोकळ्या जागेत फळ्या कोंबलेल्या दिसतायत. चक्क फळ्या, कडा सरळ, दीड-दोन इंच जाड, पट्टीने बांधलेले गठ्ठे. विचारलं तर म्हणे जागा रिकामी राहात होती म्हणून थोडा माल भरला, पॅकिंग लिस्टमध्ये आहे. बघितलं तर खरंच आहे, शेवटच्या पानावर, १८ घनमीटरपैकी १.४ घनमीटर. मी ते पानच नीट बघितलं नव्हतं. वडिलांना अजून सांगितलं नाही.

---

शेवा_ताई

अहो दादा!! बरं झालं आत्ता दिसलं. हे एक्झामिनेशनला उघडलं असतं आणि बिलात सगळं ४४०३ लिहिलेलं असतं, तर तुमच्या खऱ्याखुऱ्या ओंडक्यांवरचा विश्वासही गेला असता. त्या फळ्या ४४०७.२३ च, त्यात वाद नाही. बिलात दोन ओळी करा, ओंडके १६.६ घनमीटर ४४०३.४२ आणि फळ्या १.४ घनमीटर ४४०७.२३, दोन्हीची किंमत इन्व्हॉइसमध्ये वेगळी पाहिजे. सप्लायरने दोन्हीला एकच सरासरी रेट लावला असेल तर तो फोडून मागा, फळी ओंडक्याच्या रेटने कोणी देत नसतं, तिथे व्हॅल्युएशनची दुसरी क्वेरी येईल.

इन्व्हॉइस बदलायचा तर याच कारणासाठी बदला, दोन ओळी, नीट वर्णन, माप, शास्त्रीय नाव. नुसता कोड खोडून दुसरा टाकलेला इन्व्हॉइस घेऊ नका, जुना बँकेत गेलेला असतो आणि दोन वेगवेगळे इन्व्हॉइस फिरायला लागले की कोडपेक्षा मोठी भानगड. जुन्याचा नंबर-तारीख नव्यावर लिहून 'सुधारित' असा घ्या, बँकेला पण तोच द्या.

आणि घाई करा, बोट लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री फाईल व्हायला पाहिजे, उशीर झाला की पहिले ३ दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,०००.

---

गांधीधामकर

फळ्यांचं वाचून आता मीही माझं मत बदलतो. सगळं ४४०७ भर म्हणालो होतो, पण दोन ओळी असलेलं बिल उलट जास्त खरं दिसतं. ज्याने फळ्यांवर स्वतःहून १० टक्के भरलेत तो ओंडक्यांवर चोरी करत नाहीये हे ऑफिसरलाही कळतं.

एक सांगतो, मापाचं बघा. सप्लायर सॅपवुड आणि साल वजा करून निव्वळ माप देतो का पूर्ण, ते पॅकिंग लिस्टवर लिहून घ्या. आपल्याकडचे काही जुने लोक अजून हॉपसने, म्हणजे ओंडके मोजायच्या जुन्या पद्धतीने, मोजतात, एका घनमीटरचे साध्या हिशेबाने ३५.३१५ घनफूट आणि हॉपसने २७.७४ च्या आसपास. वखारीत माल उतरल्यावर वडील टेप लावणार आणि म्हणणार माल कमी आला, तेव्हा हे आठवा.

---

मधलाबाक

बाल्साचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

---

वखार_तिसरीपिढी

सुधारित इन्व्हॉइस आला आज पहाटे, दोन ओळी, फळ्यांचा रेट वेगळा, टेक्टोना ग्रँडिस लिहिलंय. फायटोवरही तेच नाव आहे, फ्युमिगेशनचा उल्लेख पण आहे. सीएचएला सगळे फोटो दिले. तो आधी म्हणाला एवढे कशाला, मग मी कलम१७ यांनी लिहिलेलं वर्णन त्याला तसंच वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाला पाठवा. शेवटी वडिलांना फळ्यांचं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं की फळ्या कोरड्या आहेत का ओल्या.

ताई, फोटोत अजून काही हवं का? सप्लायरचा माणूस अजून मेसेजला उत्तर देतोय तोवर मागून घेतो.

---

शेवा_ताई

कोपऱ्याचा क्लोजअप एक, टेपमाप लावून, गोल पट्टा किती सेंटीमीटर आहे ते वाचता येईल असा. आणि एकाच ओंडक्याच्या दोन्ही टोकांचे फोटो, खडूचा नंबर दोन्हीत दिसला पाहिजे, नाहीतर ते दोन वेगळे ओंडके आहेत म्हणतील. कंटेनर भरून निघालाय तेव्हा हे त्याच्याकडे आधीच काढलेले असतील तरच मिळतील. नसतील तर सीएफएसला दार उघडताना तुमच्या माणसाला टेप घेऊन उभा करा.